मावशींचे डॉक्टर कोण?

इचलकरंजीत माझं मेडिकल आहे. एका अंगाला यंत्रमागाच्या शेड, दुसऱ्या अंगाला कारखानदारांचे बंगले, त्यामुळे संध्याकाळी काउंटरवर दोन्हीकडची माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. बंगल्यातला माणूस मोबाईलवर चिठ्ठीचा फोटो दाखवतो आणि महिन्याची औषधं पिशवीत घालून नेतो. शेडमधला पट्टी कापून चार गोळ्या मागतो. आठवड्याचा पगार हातात पडला असेल तर दहा.

चार गोळ्या मागणाऱ्याला डॉक्टर मिळत नाही, असं मात्र नाही. उलट त्याच्याकडे डॉक्टर जास्तच असतात. त्यातला एकही त्याचा नसतो, एवढंच.

हे मला माहीत होतं, पण त्या संध्याकाळी त्याचा पुरावाच काउंटरवर येऊन पडला. दिवसपाळी सुटायची वेळ होती. मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या एक मावशी आल्या आणि ग्लुकोजचा पुडा मागू लागल्या. वय पंचावन्नच्या आसपास, नेहमीचं गिऱ्हाईक, शुगरचा त्रास. पुडा घ्यायला पुढे केलेला हात थरथरत होता. पंखा चालू असताना कपाळावरून घाम ओघळत होता, आणि बोलताना शब्द जरा जड येत होते.

"मावशी, बसा आधी. काय होतंय?"

"चक्कर येतीया दादा. शुगर वाढली असंल. गोळी देतोस का एक जास्तीची?"

ती जास्तीची गोळी दिली असती तर काय झालं असतं, याचा विचार नंतरही नको वाटतो. दुकानात मशीन असतं, बोटाला टोचून बघितलं. ४८. शुगर वाढली नव्हती, पार तळाला गेली होती. त्यांनीच मागितलेलं ग्लुकोज पाण्यात कालवून पाजलं, वर बिस्किटं दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं तेव्हा ७६ आली. चेहऱ्यावर जरा रंग आला. मग विचारलं, सकाळपासून काय खाल्लंय? चहा-बटर, आणि दुपारी निम्मा डबा. आणि गोळ्या? त्या म्हणाल्या, गोळ्या मात्र एकबी चुकवली न्हाई.

पदराआडची प्लास्टिकची पिशवी त्यांनी काउंटरवर रिकामी केली. पहिली पट्टी सरकारी, 'महाराष्ट्र शासन पुरवठा, विक्रीसाठी नाही' असा छाप असलेली. आत ग्लिमेपिराइड, साखर उतरवणारं औषध. दुसरी पट्टी कंपनीची, चकचकीत, नाव अगदी वेगळं. ती मावशींना जत तालुक्यात भावाकडे लग्नाला गेल्या असताना तिथल्या डॉक्टरांनी दिलेली. पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचली: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, तेही शुगरचंच. म्हणजे एकच औषध दोन नावांनी पोटात जात होतं. तिसरी होती कागदाची पुडी, आत पांढऱ्या गोळ्या, वर पेनानं '१-०-१' एवढंच. ही शेडच्या मागच्या दवाखान्यातली. त्या गोळ्या कसल्या, हे मलाही ओळखता येईना. रंग, आकार आणि मधली चीर बघून गोळी ओळखणं हे आमच्या धंद्यातलं एक कसब आहे खरं, पण पांढऱ्या गोल गोळ्यांपुढे ते कसब चालत नाही.

योगायोग असा की त्याच वेळी एक कारखानदार अण्णा बीपीच्या गोळ्या न्यायला आले होते. ते सगळं बघत होते. "थांब, आमच्या डॉक्टरांना लावतो," म्हणाले आणि फोन लावलासुद्धा. डॉक्टरांनी लगेच उचलला. अण्णांच्या वडिलांवर उपचार केलेले हे डॉक्टर. अण्णांना सल्फाची ॲलर्जी आहे, आईला हार्टचं होतं, सुनेचं बाळंतपण कुठे झालं, सगळं त्यांच्या डोक्यात असतं. अण्णांनी माझ्याकडे फोन दिला. मी दोन्ही पट्ट्यांतली औषधं सांगितली, पुडीचंही सांगितलं.

"ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर राहतो," ते म्हणाले. "आता साखर वर आली म्हणून घरी पाठवू नका, रात्री पुन्हा उतरेल. भरतीच करा. आणि बाईंचे रेग्युलर डॉक्टर कोण आहेत? त्यांना कळवा, कुठली गोळी ठेवायची ते त्यांनाच ठरवू दे."

मी फोन कानाला धरून मावशींकडे बघितलं. "मावशी, तुमचे डॉक्टर कोण?"

"कुठलं? सरकारीतलं का रातच्याला बघतंय ते?"

हे मी डॉक्टरांना सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. मग म्हणाले, "बरं, आधी ॲडमिट करा."

अण्णांच्या गाडीतूनच मावशी सरकारी दवाखान्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेनं सांगितलं, सलाईन चालू असतानाही मध्यरात्री साखर ५५ पर्यंत उतरली होती. घरी झोपल्या असत्या तर सकाळी उठवायला गेल्यावरच कळलं असतं.

आता यात चूक कुणाची म्हणावी? तिघांपैकी एकाही डॉक्टरनं जाणूनबुजून चुकीचं औषध दिलं नव्हतं. प्रत्येकाला त्या दिवशी समोर वाढलेली साखर दिसली, प्रत्येकानं त्यावर गोळी दिली. आधीची गोळी चालू आहे हे मावशींनी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? "दुसरीकडं गेलं म्हटल्यावर रागवत्यात." हे मी कितीजणांकडून ऐकलंय. गरीब माणूस डॉक्टरांपुढे जुने कागद काढत नाही, पिशवीतच दाबून ठेवतो.

दोन दिवसांनी अण्णा पुन्हा आले तेव्हा त्यांनीच विषय काढला. "सरकारीत आता सगळं फुकट हाय की. मग ह्या बायका तिथंच का जात न्हाईत?"

फुकट आहे हे खरं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरचेसुद्धा पैसे लागत नाहीत. पण ओपीडी सकाळची. रांगेत नंबर लागेपर्यंत दुपार होते, म्हणजे त्या दिवसाचा खाडा. कांड्या भरल्या तेवढीच मजुरी, बसून राहिल्याचे पैसे कोण देणार? गोळ्या मिळतात त्या थोड्या दिवसांच्या, संपल्या की पुन्हा खाडा. शेडमागचा दवाखाना मात्र पाळी सुटल्यावरही उघडा असतो. तिथे पैसे जातात, पण मजुरी बुडत नाही. मावशींचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का आहे. फुकटचा डॉक्टर त्यांना महाग पडतो.

मी अण्णांना सरळच विचारलं, तुमच्याकडची कांडीवाली महिन्यातून एक सकाळ दवाखान्यात गेली तर पगार धरता का? ते हसले. "माग थांबतोय की आमचा." उत्तर खरं होतं, मला रागही आला नाही.

दुसरी गोष्ट त्यांनाही नवी होती. सरकारीत नेमानं गेलं तरी समोर तोच डॉक्टर मिळेल याची खात्री नाही. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या मुलांना बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष काढावं लागतं. कित्येक ठिकाणी तीच मुलं ओपीडी सांभाळतात आणि वर्ष संपलं की जातात. मुलं हुशार असतात, मन लावून तपासतात. पण मावशींचा मुलगा दारू पितो का, दुपारचा डबा निम्माच का खाल्ला जातो, हे कळायला एक वर्ष पुरत नाही.

सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहेच, आता ५ लाखांपर्यंतची. ती भरती झालेल्यासाठी. उद्या मावशींच्या किडन्या गेल्या तर डायलिसिस त्यात बसेल. किडन्या जाऊ नयेत म्हणून दर महिन्याला एका ओळखीच्या डॉक्टरपुढे बसायचं, तीन महिन्यांची सरासरी शुगर तपासायची, तो खर्च योजनेत नाही. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, विचाराल तर तो कायदा दहा कामगारांपासून पुढे लागतो. आमच्याकडे बऱ्याच शेडमध्ये कागदावर दहा माणसं भरतच नाहीत. एकाच छपराखाली दोन भावांचे दोन कारखाने असतात, हे इथे सगळ्यांना माहीत आहे.

मावशींना मी एक शंभर पानी वही दिली. पहिल्या पानावर चालू गोळ्यांची नावं लिहिली, कंपनीचं नाव नाही, आतल्या औषधाचं. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर तोंडानं काही सांगू नका, वही पुढे करा, एवढं बजावलं. पुडीतल्या गोळ्या बंद झाल्या. भागातल्या आशाताईंनीही मनावर घेतलं, आता त्याच महिन्याच्या महिन्याला मावशींना केंद्रावर घेऊन जातात. अण्णांचे डॉक्टर एकदा बघायला तयार होते, पण मावशी गेल्या नाहीत. "त्यास्नी एकदा दावून काय करू? फुडच्या बारीला कोण देणार पैसं?"

मागच्या आठवड्यात वही घेऊन आल्या. केंद्रावर नवीन डॉक्टरीणबाई आल्यात, वही वाचून त्यांनी एक गोळी कमी केली, म्हणून मला दाखवायला. मावशी खुशीत होत्या. जाता जाता वळून विचारलं, "ह्या बाई किती दिस हाईत रं हितं?"

बाँडवर असतील तर वर्षभर, मी म्हटलं.

"मंग त्यास्नी सांगून ठेवतो, जायच्या आधी फुडच्यासाठनं सगळं लिवून ठेवा म्हणून," त्या म्हणाल्या, आणि सहा गोळ्या कापून घेऊन गेल्या.