पाचवी चकती: फुली उमटली, पण एका बाजूला अडली

परवा सकाळी भट्टी उघडली आणि चकतीवर फुली दिसली! बीजाच्या (वर ठेवलेल्या, दिशा देणाऱ्या छोट्या स्फटिकाच्या) चार कोपऱ्यांतून निघालेल्या चार बारीक रेषा, काळ्या पृष्ठभागावर उजेड तिरका पडला तरच दिसणाऱ्या. वायबीसीओचा, म्हणजे इट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइड या अतिवाहकाचा (गार केल्यावर विजेला रोध न करणाऱ्या पदार्थाचा) स्फटिक बीजाची दिशा धरून वाढला, याची याहून चांगली खूण नाही. चार खेपा मी या रेषांचीच वाट पाहत होतो.

इट्रियम, बेरियम, तांबे १:२:३ प्रमाणातली तयार भुकटी घेतली, त्यात हिरवी २११ (त्याच धातूंची २:१:१ प्रमाणातली भुकटी) मिसळली आणि दाबून २० मिलिमीटर व्यासाची चकती केली. खाली इट्रियम ऑक्साइड पसरले, कारण वितळलेला द्रव खालच्या ताटलीचे ॲल्युमिना सिरॅमिक खातो. वर निओडिमियम जातीचे २ मिलिमीटरचे बीज. ते जास्त तापमानाला वितळते म्हणून टिकते. १०४५ अंशांवर तासभर ठेवून पटकन १०१० पर्यंत आणले, मग ताशी अर्धा अंश करत ९८५ पर्यंत. म्हणजे ५० तास. मागच्या खेपेला ३१व्या तासाला वीज गेली होती, या वेळी टिकली.

(भुकटी घरी करणाऱ्यांनी मास्क आणि हातमोजे घालाच. बेरियम कार्बोनेट पोटात गेले तर विष आहे.)

नंतर ४५० अंशांवर ऑक्सिजनच्या झोतात १०० तास. हा टप्पा गाळला तर स्फटिक कितीही देखणा असो, द्रव नायट्रोजनमध्ये तो अतिवाहक होत नाही.

चुंबक वर ठेवूनच चकती द्रव नायट्रोजनमध्ये गार केली, चुंबक काढला आणि चकतीत अडकून राहिलेले चुंबकीय क्षेत्र मोजायला हॉल सेन्सर २-२ मिलिमीटर सरकवत आकडे आलेखकागदावर मांडले. मध्यभागी ११० मिलिटेस्लाचे शिखर आले. भट्टीत दाराकडे असलेल्या कडेकडे जाताना आकडा १८ पर्यंत घसरला आणि पुढे पुन्हा ४० वर चढला. दरी जिथे पडली, बरोबर तिथेच फुलीची एक रेषा थांबली आहे. पलीकडे भलत्याच दिशेचा स्फटिककण उगवलाय.

१९८८ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी स्ट्रॉन्शियम टायटेनेटच्या जोडस्फटिकांवर (वेगळ्या दिशांचे दोन भाग जोडलेल्या स्फटिकांवर) वायबीसीओची फिल्म वाढवून हेच मोजले होते: दोन कणांतला कोन वाढला की सीमा ओलांडणारा प्रवाह झपाट्याने घटतो. अतिवाहक टेप बनवणारे धातूच्या पट्टीवर आधी दिशा लागलेला थर तयार करतात आणि मग फिल्म चढवतात, ते याचसाठी. वाचलेले सगळे होते, पण ती दरी स्वतः पेन्सिलीने काढली तेव्हा ते खरे उमगले.

दुसऱ्या थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या तारेने) पाहिले तर भट्टीत पुढची, दाराकडची बाजू मागच्यापेक्षा ४ अंशांनी थंड निघाली. ताशी अर्ध्या अंशाच्या माझ्या गतीने ती बाजू आठ तास पुढे होती. बीजाचा स्फटिक पोचण्याआधीच तिथे परका कण जन्मला असणार. सहाव्या खेपेला चकती मागे सरकवतोय आणि दाराला सिरॅमिक वूलची दुसरी गादी लावतोय. बीजाचा नवा तुकडा काढून ठेवलाय.