वन वन झीरो की वन झीरो झीरो? माझा अनुभव

चुकलो किती, तर चारशे फूट. उतरत्या विमानाला एवढं खाली यायला पंधरा-सोळा सेकंद लागतात. मी सहवैमानिक आहे. त्या सोळा सेकंदांपायी मी अकरा दिवस रोस्टरबाहेर, म्हणजे ड्युटीच्या यादीबाहेर होते.

उतरणीला लागलो होतो. विमान कॅप्टन उडवत होते, रेडिओ माझ्याकडे. तेवढ्यात केबिनमधून इंटरकॉम वाजला, मागे एका प्रवाशाला बरं वाटत नव्हतं. "विमान, रेडिओ, दोन्ही तुझ्याकडे," म्हणत सरांनी हँडसेट उचलला. नेमकी तेव्हाच एटीसीने (जमिनीवरचं हवाई वाहतूक नियंत्रण) आम्हाला पुढची लेव्हल, म्हणजे कुठल्या उंचीपर्यंत उतरायचं ते, शेकडो फुटांच्या आकड्यात दिली. मी रीडबॅक दिला, म्हणजे ऐकलेलं परत बोलून दाखवलं, "फ्लाइट लेव्हल वन झीरो झीरो," आणि नॉब फिरवून उंचीचा आकडा दाखवणाऱ्या खिडकीत १०,००० फूट आणलं. सर परत आले तेव्हा सांगितलं, "वन झीरो झीरो मिळालीय, सेट केलीय." त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. "वन झीरो झीरो, चेक्ड."

१०,६०० च्या आसपास होतो तेव्हा कंट्रोलरचा आवाज आला, आधीपेक्षा बराच चढा: तुमची लेव्हल कन्फर्म करा, तुम्हाला वन वन झीरो (११,००० फूट) दिली होती. त्याच क्षणी टीकॅस, म्हणजे विमानांची टक्कर टाळायला इशारा देणारी यंत्रणा, बोललं, "ट्रॅफिक, ट्रॅफिक." स्क्रीनवरचा एक ठिपका पिवळा झाला. खालून, लेव्हल १०० वर, कुणीतरी आमची वाट ओलांडत होतं. सरांनी काही न बोलता विमान हातात घेतलं आणि वर नेलं. टीकॅसने पुढचा, म्हणजे "चढा" किंवा "उतरा" असा हुकूम दिला नाही, तेवढं नशीब. केबिनमध्ये कुणाला काही कळलं नसणार.

पार्किंग ब्रेक लावल्यावर सर एवढंच म्हणाले, "रिपोर्ट आजच लिही. उद्यावर टाकलास तर थोडा सुधारून लिहिशील."

तीनशे फूट किंवा त्याहून जास्त फरक पडला की साधारणपणे त्याला लेव्हल बस्ट म्हणतात. आमचा चारशेचा, तेव्हा रिपोर्ट दोघांनीही भरायचाच होता. माझ्या रिपोर्टातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: "कंट्रोलरने वन झीरो झीरो दिल्याचं मी स्पष्ट ऐकलं." ते लिहिताना मी खोटं बोलत नव्हते. शपथ घ्या म्हटलं असतं तरी घेतली असती.

चौथ्या दिवशी सेफ्टीवाल्यांनी बोलावलं. टेबलावर विमानाच्या डेटाचा आलेख, लॅपटॉपवर एटीसीची टेप. आधी कंट्रोलर: "वन वन झीरो." जराही अडखळ नाही, खरखर नाही. लगेच माझा आवाज, आत्मविश्वासाने भरलेला: "वन झीरो झीरो." मी पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदाही वन वन झीरोच होतं.

गंमत म्हणजे (तेव्हा अजिबात गंमत वाटली नव्हती) त्या टप्प्यावर आम्हाला जवळजवळ रोज १०० च मिळायची. कानाने ऐकायच्या आधीच डोक्याने उत्तर तयार ठेवलं होतं. हे दोन आकडे एकमेकांत मिसळतात हे आधीपासून माहीत असलेलं दुखणं आहे. युरोपात म्हणूनच शंभर, दोनशे, तीनशे या लेव्हल "वन हंड्रेड", "टू हंड्रेड" अशा बोलायचा नियम केलाय.

मग माझा चुकीचा रीडबॅक कंट्रोलरला कसा कळला नाही? टेपवर तेही होतं. माझं वाक्य संपतंय न संपतंय तोच दुसऱ्या विमानाने हाक मारली आणि त्याचा कान तिकडे गेला. रीडबॅक ऐकून चूक पकडणं हे त्याचं काम असतं, पण त्या मिनिटाला तो सात विमानांशी बोलत होता. काही ठिकाणी आम्ही खिडकीत लावलेला आकडा मोड एसमुळे (विमानाची माहिती जमिनीवर पाठवणारी सोय) कंट्रोलरच्या स्क्रीनवर उमटतो. तिथे ती सोय नव्हती.

मला जास्त लागलं ते सरांचं "चेक्ड". आमच्याकडे सगळं दोघांनी तपासायचं असतं. पण सरांनी एटीसीला ऐकलंच नव्हतं. त्यांनी माझा आकडा माझ्याच आकड्याशी ताडून पाहिला. कागदावर तपासणी पूर्ण, प्रत्यक्षात शून्य. चौकशीत आरडाओरडा झाला नाही, शिक्षाही नाही. मला वाटतं, म्हणूनच मी केबिनच्या कॉलचं आणि "रोजची लेव्हल" हे सगळं मोकळेपणी सांगू शकले.

मग एक दिवस वर्ग. त्यात १९८९ सालचं क्वालालंपूरजवळचं मालवाहू ७४७ होतं. कंट्रोलर म्हणाला "डिसेंड टू फोर झीरो झीरो", म्हणजे २,४०० फूट. वैमानिकांनी त्यातला "टू" हा दोनचा आकडा न धरता इंग्रजीतला "पर्यंत" या अर्थाचा "टू" धरला, म्हणजे चारशेपर्यंत उतरा, असं ऐकलं. विमान डोंगरावर आदळलं, चौघेही गेले. १९९५ चा कोलंबियातल्या काली शहराजवळचा अपघातही होता. तिथे रोझो नावाच्या बीकनसाठी (वाट दाखवणारं रेडिओ केंद्र) कॉम्प्युटरमध्ये नुसतं "आर" टाकलं, त्याने भलताच बीकन निवडला आणि विमान डावीकडे वळून दऱ्याखोऱ्यांत शिरलं. १५९ माणसं गेली. तिथे कान नव्हता, कीबोर्ड होता. बाकी दुखणं माझंच.

सिम्युलेटरमध्ये इन्स्ट्रक्टर कंट्रोलर झाला. चार तास तो मुद्दाम घाईत बोलला, दोन सारख्या नावांच्या विमानांना पाठोपाठ हाका मारल्या, हेडिंग आणि लेव्हल एका दमात दिल्या. मी दोनदा फसले. मग लाइन चेक, म्हणजे नेहमीच्या उड्डाणात तपासनीसासमोरची परीक्षा, आणि अकराव्या दिवशी रोस्टरवर नाव.

आता पॅडवर आकडा आधी लिहिते, मग बोलते. परवा पुन्हा तेच झालं: उतरण, इंटरकॉम, दुसरे कॅप्टन फोनवर, आणि लेव्हल आली. लिहिली, वाचली, सेट केली. कॅप्टन परतले तेव्हा म्हटलं, "सर, ही मी एकटीने ऐकलीय. पुन्हा विचारते." फ्रीक्वेन्सीवर गर्दी होती. कंट्रोलर वैतागून म्हणाला, "ॲफर्म, ॲज रेड बॅक." म्हणजे, हो, तुम्ही परत बोललात तसंच. मला आकडा हवा होता. मी पुन्हा विचारलं.