आजोबांचं तैलचित्र, चायना ग्रास आणि गव्हाचा चीक

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी सोप्यात आजोबांचं तैलचित्र आहे. कोल्हापुरी फेटा, तपकिरी कोट, हातात काठी. कोपऱ्यातली पेंटरची सही आता वाचता येत नाही. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या या गावात अशा कितीतरी हातांनी चित्रं काढली आणि ती आज घराघरांतल्या ओल्या भिंतींवर टांगलेली आहेत. तुमच्याकडंही असं एखादं असेल, म्हणून हे सविस्तर लिहिते.

गेल्या पावसाळ्यात चित्र उतरवलं, तर मागं पांढरी बुरशी. वीसेक वर्षांपूर्वी एका फ्रेमवाल्यानं पाठीला प्लायवूड ठोकलं होतं, त्यानं सगळी ओल धरून ठेवलेली. चमक यावी म्हणून त्यानं पुढून जवसाचं तेलही चोळलं होतं. ते तेल वर्षागणिक काळवंडत गेलं. खांद्याजवळ कॅनव्हास बोटभर फाटला होता. आणि आम्हीही निर्दोष नाही: दर दिवाळीला ओल्या फडक्यानं पुसायचो.

चित्रसंवर्धन शिकून कोल्हापुरात परतलेल्या एक ताई भेटल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "नवं करून देणार नाही. आहे ते टिकवून देते." त्यांनी बाजूनं तिरका उजेड टाकून फोटो काढले. त्या उजेडात प्रत्येक फुगवटा आणि तडा उठून दिसला.

पहिले दोन आठवडे चित्र फक्त सावलीत, वाऱ्याला ठेवलं. ऊन अजिबात नाही. कॅनव्हासवर रंगाआधी सरसाचा हात दिलेला असतो. दमट हवेत तो सरस फुगतो, कोरड्या हवेत आखडतो, पण वरचा जुना रंग कडक झालेला असल्यामुळं तो तडकतो. म्हणून सुकवायचं तेही सावकाश. मग मास्क लावून मऊ ब्रशनं बुरशी झाडायची आणि ती बारीक गाळणीच्या व्हॅक्यूममध्ये ओढून घ्यायची.

पुढच्या बाजूच्या सफाईची सुरुवात बघून आई चकित झाली. ताईंनी बांबूच्या काडीला कापूस गुंडाळला, जिभेवर किंचित ओला केला आणि कडेला फिरवला. बोळा काळा झाला. लाळेत पिष्ट पदार्थ तोडणारं एन्झाइम (पाचक द्रव्य) असतं, ते आणि लाळेतले इतर घटक यांच्यामुळं वरचा मळ सुटतो, पण घट्ट वाळलेला तैलरंग सहसा हलत नाही. आई म्हणाली, "लेकराचं तोंड पुसतो तसंच की हे!"

पण अख्खं चित्र बोळ्यांनी पुसायचं तर शेकडो बोळे लागतात आणि घासणंही होतं. म्हणून ताईंनी अगरचं जेल केलं. अगर म्हणजे आपल्या पुडिंगमधलं चायना ग्रास, समुद्रातल्या लाल शेवाळापासून निघतं. त्यांची पावडर जास्त शुद्ध होती: १०० मिली पाण्यात ३ ग्रॅम, त्यात थोडं सायट्रेट, म्हणजे मळ सुटायला मदत करणारा क्षार. उकळून ताटात ओतलं, थापलेल्या वड्यांसारखं कापलं. एक तुकडा काठीच्या मुठीवर तीन मिनिटं ठेवला. जेल पाणी हळूहळू सोडतं आणि सुटलेला मळ स्वतःत ओढून घेतं. तुकडा उचलला तेव्हा तो चहासारखा तपकिरी झाला होता आणि मुठीवर चांदीचा पांढरा ठिपका उजळला होता. त्या जागी रंगाचा जाड फटकारा आहे, ते आम्हांला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं.

फाटलेल्या जागी मोठं ठिगळ लावलं नाही. भिंगाखाली सुटे धागे एकेक करून समोरासमोर आणले आणि माशाच्या सरसात गव्हाच्या पिठीची खळ मिसळून चिकटवले. कुरडईचा चीक असतो तसलीच ही खळ, फक्त त्यातलं ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, पुरतं काढून टाकलेलं. पुढं कधी काढावंसं वाटलं तर ओलाव्यानं हा जोड सुटतो. मला ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

चित्रावरच्या पिवळ्या पडलेल्या व्हॉर्निशचं मात्र वेगळं झालं. कडेला सॉल्व्हंटची, म्हणजे व्हॉर्निश विरघळवणाऱ्या द्रवाची चाचणी घेतली, तर बोळ्यावर कोटाचा तपकिरी रंग आला. ताई तिथंच थांबल्या. ते जवसाचं तेल आणि व्हॉर्निश आता रंगाशी एकजीव झालंय, काढलं तर कोटही जाईल. काका खवळले, "एवढा खर्च करून पिवळंच ठेवलंय व्हय गं पोरी?" मला मात्र तो निर्णय पटला. लख्ख करण्याच्या हौसेनंच आधी नुकसान झालं होतं.

शेवटी चौकटीच्या पाचरी हलक्या हातानं ठोकून कॅनव्हास ताणला. प्लायवूडऐवजी आम्लमुक्त पुठ्ठा आला. फ्रेमच्या मागं चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामध्ये हवा खेळते.

चित्र आता बाहेरच्या भिंतीवरून आतल्या कोरड्या भिंतीवर आलंय. त्याच्यासमोरची समई आईनं स्वतःच उचलून देवघरात नेली. शेजारी दमटपणा मोजायचं छोटं यंत्र टांगलंय. आई रोज सकाळी चष्मा लावून त्यातला आकडा बघते आणि कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहिते.