नावे ठेवता ठेवता : आमची वाटचाल

घाऊक व्यापाऱ्यांच्या गोदामातील साठा आणि बिले सांभाळणारे एक सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. कंपनी लहान आहे. सुरुवातीला आम्ही दोघे भागीदार होतो, आज सात माणसे आहोत. आजवर या सॉफ्टवेअरच्या तेवीस आवृत्त्या बाहेर पडल्या आणि त्यांपैकी पहिल्या सतरा आवृत्त्यांना आम्ही आकडा न देता पक्ष्याचे नाव दिले. वाटचाल लिहिताना लोक पहिला ग्राहक, पहिले कार्यालय, पहिला नफा यांबद्दल लिहितात. आमचे जे काही घडले आणि बिघडले ते या नावांपायी, म्हणून मी नावांबद्दलच लिहिणार आहे.

नावांची कल्पना माझी होती. भागीदार पहिल्या दिवसापासून आकड्यांच्या बाजूने होता आणि मी त्याच्या मताला कोरडा व अरसिक माणूस म्हणून नावे ठेवत होतो. माझा मुद्दा असा होता की आकडा दिसतो तेवढा प्रामाणिक नसतो. डीबेस हा एके काळचा गाजलेला डेटाबेस बाजारात आला तोच मुळी डीबेस टू या नावाने; त्याच्या आधी डीबेस वन कधी विकलाच गेला नव्हता, पण दोनचा आकडा पाहिला की माल मुरलेला वाटतो. डेबियन या मोफत संगणकप्रणालीची १.० ही आवृत्ती अधिकृतपणे कधी निघालीच नाही, कारण सीडी विकणाऱ्या कोणी तरी घडणीत असलेली अर्धवट प्रत १.० म्हणून आधीच विकून टाकली. मग १९९६ मध्ये डेबियनला १.१ पासून सुरुवात करावी लागली आणि त्या आवृत्तीला नाव मिळाले बझ. आकड्यांची ही गत असेल तर आपण नावच द्यावे, निदान ते कोणाशी शर्यत तरी लावत नाही, असे मी म्हणालो. भागीदाराने वाद घातला नाही. त्याने ‘सॉफ्टवेअरविषयी’ या खिडकीत तळाशी, बारीक अक्षरात, स्वतःचा एक आकडा टाकायला सुरुवात केली आणि मी तिकडे काणाडोळा केला.

नावांना क्रम हवा हे मला कळत होते. उबंटू या संगणकप्रणालीने इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने प्राण्यांची नावे घेतली, तशी आम्ही वर्णमालेच्या क्रमाने पक्ष्यांची घ्यायची ठरवली. कोकीळ, खंड्या, गरुड, घार इथवर मजेत गेलो आणि पाचव्याच घराला ङ आडवा आला. ङ, ञ आणि ण यांच्यावरून सुरू होणारा शब्द मराठीत सापडत नाही, मग पक्षी कुठून सापडणार? छ, ज, झ मी कंटाळून सोडले. चातकानंतर एकदम टिटवी आली. फोनवरून आवृत्त्यांचा क्रम लावू पाहणाऱ्या ग्राहकाला ही गाळलेली अक्षरे कशी कळणार, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

त्या काळी प्रत्येक आवृत्तीची सीडी जात असे आणि तिच्यावर जाड टोकाच्या मार्करने पक्ष्याचे नाव मी स्वतः लिहीत असे. माझे अक्षर बरे आहे. अडचण फोल्डरांची झाली. देवनागरीत नावे दिलेले फोल्डर संगणक वर्णमालेच्या क्रमाने बरोबर लावत होता, पण ते झिप करून पाठवले की ग्राहकाच्या जुन्या यंत्रावर नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत. नाइलाजाने फोल्डरांची नावे रोमन लिपीत लिहिली, तेव्हा चातक सर्वांत पुढे जाऊन बसला आणि सर्वांत जुनी असलेली कोकीळ खंड्याच्याही मागे गेली. म्हणजे ज्या क्रमासाठी एवढा खटाटोप केला होता तो लिपी बदलताच गळून पडला. तरीही मी हट्ट सोडला नाही.

पुढची सहा-सात वर्षे चांगली गेली. ग्राहक वाढले, माणसे वाढली, सीडी गेली आणि डाउनलोड आले.

या काळात जोडल्या गेलेल्या एका ग्राहकाबद्दल लिहिणे आवश्यक आहे. ते वयाने मोठे आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. संगणकावर त्यांचा विश्वास आहे, पण पूर्ण नाही. त्यामुळे एक लांबोडकी वही त्यांच्या गल्ल्यात कायम असते. आमची प्रत्येक आवृत्ती ज्या दिवशी बसवली त्या दिवसाची तारीख, पक्ष्याचे नाव आणि त्यानंतर काय बिघडले याची नोंद त्या वहीत आहे. आमच्याकडची चुकांची यादी आम्ही दोनदा प्रणाली बदलताना अर्धी हरवली. काकांची वही मात्र पहिल्या पानापासून शाबूत आहे आणि एकदा आम्हीच तिच्यावरून आमचा इतिहास पुन्हा जुळवला होता.

आता मैनेकडे येतो. भारद्वाजानंतर म होता. भागीदार मोर म्हणत होता. मला मोर फार सरळ वाटला, म्हणून मी मैना हे नाव ठरवले. आवृत्ती बाहेर पडली आणि आठवड्याभरात तिच्यात करआकारणीच्या पूर्णांकनाची एक चूक सापडली. आम्ही पॅच, म्हणजे दुरुस्तीचा छोटा तुकडा, तयार केला आणि ग्राहकांना एकेक करून फोन लावले. चालू असलेल्या प्रोग्रामची फाइल बदलता येत नाही, म्हणून आमच्या कार्यालयातला मुलगा प्रत्येकाला सांगत होता, “आधी मैना बंद करा, मग बॅकअप घ्या, मग पॅच चालवा.”

बोलण्यात ‘महिना’ या शब्दाचा उच्चार आपण बहुतेक जण ‘म्हैना’ किंवा सरळ ‘मैना’ असाच करतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या हिशेब या मेनूत ‘महिना बंद करा’ या नावाचा एक पर्याय आहे. या व्यवसायातील वाचकांना पुढचे सांगायची गरज नाही, तरी सांगतो. महिना बंद केला की त्या महिन्यात नवी नोंद करता येत नाही, शिल्लक पुढच्या महिन्याची सुरुवातीची शिल्लक म्हणून ओढली जाते आणि मागे फिरण्याची सोय आम्ही मुद्दामच ठेवलेली नाही. इशाऱ्याची खिडकी येते, पण कंपनीचाच माणूस फोनवर सांगत असेल तर कोणताही शहाणा माणूस ‘होय’ दाबतो. दुपारपर्यंत नऊ ग्राहकांनी ऐन महिन्याच्या मध्यावर महिना बंद केला. त्यातून आम्ही सांगितलेला क्रम असा की बॅकअप त्यानंतर घ्यायचा. बहुतेकांकडे बॅकअपसाठी एकच पेन ड्राइव्ह, त्यामुळे कालचा चांगला बॅकअप आजच्या बंद महिन्याने पुसला गेला.

चूक लक्षात येईतो काहींनी, काम अडू नये म्हणून, पुढच्या महिन्याची तारीख घालून बिले फाडायला सुरुवात केली होती. कुलूप काढणे सोपे होते. ओढलेली शिल्लक पुसून ती पुन्हा मोजणेही जमले असते. पण चुकीच्या तारखेची, सलग क्रमांकाची, ग्राहकाच्या ग्राहकाकडे पोहोचलेली बिले कशी सरळ करणार? प्रत्येकाच्या डेटाबेसमध्ये शिरून, एकेक ओळ तपासून, तीन रात्री आम्ही दोघांनी ते काम केले. कोणाकडे कोणता पॅच अर्धवट बसला आहे हे ओळखण्यासाठी आम्हाला आधार मिळाला तो भागीदाराच्या त्या बारीक अक्षरांतील आकड्याचा. त्याने त्या तीन रात्रींत ‘मी सांगत होतो’ असे एकदाही म्हटले नाही. म्हटले असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

देखभालीचे वार्षिक करार नेमके पुढच्या महिन्यात संपत होते. नऊपैकी चौघांनी नूतनीकरण थांबवले, दोघे सोडून गेले, आणि ज्यांना काहीच झाले नव्हते असे अनेक जणही थांबून पाहू लागले. दोन महिन्यांचे पगार उशिरा झाले आणि कंपनी बंद करण्याचा विषय आमच्या दोघांच्या बोलण्यात गंभीरपणे निघाला.

याच दिवसांत आमच्या प्रतिस्पर्ध्याने आपली नवी आवृत्ती काढली. तिच्या आधीची त्यांची आवृत्ती ३ होती, ही एकदम ७ झाली. मधल्या तीन आवृत्त्या कोणी पाहिल्या नाहीत, कारण त्या नव्हत्याच. त्यांचा विक्रेता आमच्या ग्राहकांकडे जाऊन विचारत असे, “तुमच्याकडे कितवे आहे? पक्षी? आमचे सातवे आहे.” स्लॅकवेअर या संगणकप्रणालीनेही १९९९ मध्ये ४ वरून थेट ७ वर उडी मारली होती, पण त्याच्या कर्त्याने कारण उघड सांगितले होते की इतरांचे आकडे पुढे गेल्यामुळे लोक आपल्याला मागासलेले समजतात. आमच्या प्रतिस्पर्ध्याने असे काही सांगितले नाही. त्यांच्या सातव्या आवृत्तीत साठ्याचा अहवाल आमच्या टिटवीत होता त्यापेक्षा कच्चा होता, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. ऐकून घेणारे तेव्हा कमी होते.

काकांचाही महिना त्या नऊ जणांत बंद झाला होता. त्यांनी कपाटातून छापील बिलबुक काढले, तीन दिवस हाताने बिले लिहिली आणि करार वेळेवर नूतनीकृत केला. मी माफी मागायला गेलो तेव्हा ते गोदामात होते. त्यांनी मला पोत्यांची एक थप्पी दाखवली आणि म्हणाले, “हे बघा, पोत्यावर नाव आहे ते मालाचे. नंबर आहे तो लॉटचा. हमालाला जुना लॉट आधी उचलायचा असतो, त्याला नंबर बघून कळते. तुम्ही लॉटला नाव देता. मग जुना कोणता, नवा कोणता, हे त्याने कोणाला विचारायचे?”

आयुष्यभर लॉट क्रमांकाचे कोष्टक प्रोग्राममध्ये बांधणाऱ्या माणसाला हे गोदामात उभे राहून ऐकावे लागले. अँड्रॉइडने २०१९ मध्ये दहाव्या आवृत्तीपासून गोड पदार्थांची जाहीर नावे सोडली तेव्हा दिलेल्या कारणांत, काही भाषांमध्ये बोलताना एल आणि आर ही अक्षरे वेगळी ओळखू येत नाहीत, हेही एक होते. ते वाचताना मला मैना आठवली आणि इतक्या मोठ्यांनाही तीच ठेच लागल्याचे पाहून, खरे सांगायचे तर, थोडे बरे वाटले.

त्यानंतर आम्ही आकड्यांवर आलो, म्हणजे भागीदाराचा लपलेला आकडा दर्शनी भागात आला. मैना ४.८ होती, पुढची राघू ४.९ झाली आणि तिच्या पुढची लावा ४.१० झाली. नावे आता फक्त कार्यालयापुरती होती हे नशीब, नाही तर फोनवर ‘लावा लावा’ असे सांगताना काय झाले असते कोण जाणे. पण आकड्यानेही आम्हाला सोडले नाही. आमचा अद्ययावत करणारा लहानसा प्रोग्राम आवृत्तीचा आकडा दशांश अपूर्णांक म्हणून वाचत होता; त्याच्या लेखी ४.१० म्हणजे ४.१, आणि ती ४.९ पेक्षा जुनी. त्यामुळे नवी आवृत्ती बसवलेल्यांना तो ‘नवी’ आवृत्ती म्हणून राघू पुन्हा देऊ करत होता. माणसेही तशीच वाचतात. मॅकची १०.९ नंतर १०.१० आली तेव्हा किती जणांनी ती मागे गेल्याचे समजले असेल, कल्पना करा. आवृत्तीतील टिंब हे दशांशचिन्ह नाही, ते दोन स्वतंत्र आकड्यांमधले कुंपण आहे, आणि तुलना करायची ती कुंपणाच्या अलीकडची वेगळी व पलीकडची वेगळी. ही चूक मात्र भागीदाराची होती आणि मी ती त्याला पुरेपूर ऐकवली.

आता आम्ही वर्ष आणि महिना असा आकडा देतो, महिना नेहमी दोन अंकी. कोणी विचारलेले नाही, तरी या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगून ठेवतो की महिन्याचा आकडा आधी जाहीर करू नका. उबंटूची २००६ ची आवृत्ती एप्रिलमध्ये, म्हणजे ६.०४ म्हणून यायची होती. ती जूनवर गेली आणि ६.०६ झाली. त्यांना ते शोभले, आपल्याला छापलेली पत्रके फाडावी लागतात. ज्यांच्या सॉफ्टवेअरवर दुसऱ्यांचे प्रोग्राम उभे असतात त्यांनी मोठा बदल, नवी सोय आणि दुरुस्ती अशी तीन आकड्यांची पद्धत पाळावी, कारण जुळणारे काय आणि तुटणारे काय हे तिथे पहिल्याच आकड्यावरून कळते. पण गोदामातल्या कारकुनाला त्या तीन आकड्यांशी काही देणेघेणे नसते, त्याला आपल्याकडचे किती जुने आहे एवढेच हवे असते. आणि नाव द्यायचेच असेल तर ते आधी खराब लाइनवर, गजबजलेल्या दुकानातून, घाईत असलेल्या माणसाला फोनवर सांगून पाहा. आपल्या मेनूतील सगळे शब्द त्याच्या शेजारी मोठ्याने वाचून पाहा. मी हे दोन्ही केले नव्हते.

नावे मी सोडलेली नाहीत. प्रोग्राममधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनात टॅग, म्हणजे आवृत्तीवरची खूण, आकड्याचा असतो, पण शाखेला, म्हणजे कामाच्या वेगळ्या प्रतीला, आजही पक्ष्याचे नाव असते. आमच्या मुलांना सहा महिन्यांपूर्वी कोणता बदल कधी केला हे आकड्यावरून आठवत नाही, पण ‘सुगरणीच्या वेळी’ म्हटले की लगेच आठवते. भागीदारही आता तसेच बोलतो, फक्त ते मान्य करत नाही. सध्या आम्ही वर्णमालेच्या टोकाला, हळद्यावर आलो आहोत आणि पुढच्या वेळी पुन्हा क पासून सुरुवात करावी लागेल. उबंटूलाही २०१७ मध्ये झेडनंतर ‘ए’ या अक्षराकडे परतावे लागले होते.

हळद्या बसवली त्या दिवशी काकांचा फोन आला. त्यांनी वही उघडून आधी तारीख लिहिली, मग आकडा विचारून घेतला आणि तो मला वाचून दाखवला. त्यानंतर पक्षी कोणता हे विचारले, आणि ते नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले.