तुम्ही विचारलंत म्हणून : तो थ्री पडला नसता तर?

मी सॅन अँटोनियो स्पर्स या अमेरिकन बास्केटबॉल संघाचा चाहता आहे हे कळलं की समोरचा हमखास एकच प्रश्न टाकतो : "रे ॲलनचा तो थ्री पडला नसता तर २०१३ची फायनल तुम्हीच मारली असती ना?" (थ्री म्हणजे लांबून, रेषेबाहेरून टाकलेला तीन गुणांचा शॉट; ॲलन समोरच्या मायामी हीटचा.) काही जण खऱ्या सहानुभूतीनं विचारतात, काही जण मुद्दाम मीठ चोळायला. दोघांनाही आता लेखीच उत्तर देऊन टाकतो.

हो, मारली असती. पण त्या थ्रीमुळे हरलो, हे मला मान्य नाही. सामना त्याच्या काही सेकंद आधी, एका रिबाउंडवर, म्हणजे शॉट चुकून परत उडालेल्या बॉलवर, निसटला. तो रिबाउंड कुणालाच आठवत नाही, कारण त्याचं पोस्टर निघालं नाही.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, फायनल सात सामन्यांची, चार जिंकेल त्याचा करंडक. स्पर्स ३-२ नं पुढे होते आणि सहावा सामना १८ जून २०१३ला मायामीत होता, म्हणजे आपल्याकडे १९ तारखेची सकाळ. समोर मायामी हीट : लेब्रॉन जेम्स, वेड, बॉश. स्पर्सकडे डंकन, पार्कर, जिनोबिली आणि हाताचे पंजे परातीएवढे असलेला एकवीस वर्षांचा कवाय लेनर्ड. तेव्हा फायनलचे सामने २-३-२ असे दोन्ही संघांच्या घरी वाटलेले असायचे, त्यामुळे शेवटचे दोन्ही मायामीच्या घरी. पुढच्याच वर्षी ही पद्धत बदलली. स्पर्सवाल्यांनी यावर काय काय म्हटलं असेल ते तुम्हीच ताडा.

सदतिसाव्या वर्षी टिम डंकननं पहिल्या हाफमध्ये २५ गुण केले. तिसऱ्या क्वार्टरअखेर स्कोअर ७५-६५, दहाची आघाडी. इथून पुढे डंकनचा एकही गुण नाही, ना चौथ्या क्वार्टरमध्ये, ना बरोबरीनंतरच्या ओव्हरटाइममध्ये. त्याचे एकूण ३० झाले आणि तिथंच थांबले. हे कुणी बोलत नाही. हीटनं आत गर्दी केली, आपल्या लोकांनी त्याला बॉल देणं कमी केलं आणि दुसऱ्या बाजूला लेब्रॉन पेटला. मध्येच त्याचा हेडबँड उडाला, तो तसाच उघड्या डोक्यानं खेळत राहिला. त्याच क्वार्टरमध्ये माइक मिलरचा एक बूट निघाला. त्यानं तो बाजूला भिरकावला आणि एका पायात नुसता मोजा असताना थ्री टाकला. पडला! त्या मोज्याकडं मी तेव्हा हसून पाहिलं होतं. मिलरचं नाव लक्षात ठेवा, तो परत येतोय.

तरीही सामना आपल्याच हातात होता. दीड मिनिटाच्या आत उरलं असताना पार्करनं लेब्रॉनच्या अंगावर मागे सरकत थ्री टाकला, ८९-८९. हीटच्या पुढच्या चढाईला बॉल हिसकावला, गिरकी घेतली, ९१-८९. जिनोबिलीनं दोन फ्री थ्रो (फाऊलबद्दल मिळणारे एकेका गुणाचे मोकळे शॉट) टाकले, ९३. मग आणखी दोन मिळाले, त्यातला एक पडला, एक हुकला. ९४-८९, बाकी २८ सेकंद. कोर्टभोवती पिवळी दोरी धरून माणसं उभी राहिली होती, करंडक द्यायच्या समारंभाची तयारी. मायामीचे प्रेक्षक उठून दाराकडे निघाले होते. स्वतःच्या घरी, फायनलमध्ये! (यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही, लेखाचा सूर बिघडेल.)

आता तो क्षण. लेब्रॉननं थ्री टाकला आणि तो चुकला. बॉल रिंगवरून वर उडाला, दोन-चार हात लागले, कुणाच्याच ताब्यात नीट येईना, आणि शेवटी मिळाला तो मिलरला. त्यानं तो परत लेब्रॉनला दिला आणि दुसरा थ्री आत गेला. ९४-९२, बाकी २० सेकंद. आपला डिफेन्स चांगला होता, शॉट चुकवायला लावला, फक्त बॉल उचलायचा राहिला. तो कुणीही उचलला असता तर हीटला घड्याळ थांबवायला फाऊल करत बसावं लागलं असतं आणि पाच गुणांचा खड्डा एका झटक्यात बुजवता येत नाही. पुढचं सगळं, म्हणजे लेनर्डचे फ्री थ्रो, डंकन बाकावर असण्याचा वाद, ॲलनचा शॉट, यातलं काही घडायचं कारणच उरलं नसतं.

लेनर्डवर लगेच फाऊल झाला. दोन फ्री थ्रो. पहिला हुकला, दुसरा पडला. ९५-९२. मी पोरांना बास्केटबॉल शिकवतो, त्यामुळे फ्री थ्रोच्या बाबतीत माझं मन जरा कठोर आहे. बॉल हातात, अंगावर कुणी नाही, रिंग जागची हलत नाही. तरी त्या अर्ध्या मिनिटात चारपैकी दोन गेले. लेनर्डला मी माफ करतो, पोरगाच होता. जिनोबिलीला नाही, त्याच्यावर जीव आहे म्हणूनच नाही.

मग पुन्हा लेब्रॉनचा थ्री, पुन्हा चुकला आणि पुन्हा रिबाउंड त्यांचाच. रिंगखाली बॉशला अडवायला उरला होता जिनोबिली, म्हणजे जवळजवळ सात फुटी माणसासमोर साडेसहा फुटी. बॉशनं बॉल घेतला आणि उजव्या कोपऱ्यात ॲलनला दिला. ॲलन खाली न बघता मागे मागे पावलं टाकत रेषेबाहेर पोचला होता. पार्कर हात वर करून धावला, पण उशीर झाला. ५.२ सेकंद बाकी, ९५-९५. पाय रेषेबाहेर होते का हे रेफरींनी पडद्यावर तपासलं. होते. त्याला नशीब म्हणणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं : हा माणूस जमिनीवर आडवं पडायचं, ताडकन उठायचं, उलट पावली कोपऱ्यात पळायचं आणि पास घेऊन शॉट मारायचा, याचा वेगळा सराव करत असे. हुबेहूब असाच प्रसंग येईल म्हणून. मग त्याला शिव्या कशाच्या द्यायच्या?

इथं आमच्या कोचबद्दलचा दुसरा प्रश्न येतोच : "पण पॉपोविचनी डंकनला बाकावर का बसवलं?" कारण साधं होतं. तीन गुणांनी पुढे असताना भीती फक्त थ्रीची. बॉश उंच असूनही बाहेरून शॉट टाकतो, त्याच्यामागे डंकनला बाहेर ओढलं की कुणीतरी मोकळा सुटतो. म्हणून डंकनच्या जागी आपलाच दिऑ, म्हणजे प्रत्येक स्क्रीनवर (त्यांच्या खेळाडूनं आपल्या माणसाची वाट अडवली की) बिनधास्त स्विच करता यावं, आपापसांत गडी बदलता यावेत. आणि डावपेच चालला की! दोन्ही वेळा लेब्रॉनचा पहिला शॉट चुकलाच. मात्र एकदा रिबाउंड गेल्यावर, वीस सेकंद उरले असताना तीच मांडणी तशीच ठेवली, ते मला पटत नाही. डंकनचे त्या दिवशी १७ रिबाउंड होते. एवढं पुरेसं आहे.

ओव्हरटाइमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १००-१०३. जिनोबिली आत घुसला तेव्हा ॲलनचा धक्का लागला असं मला आजही वाटतं, शिट्टी वाजली नाही. शेवटचा थ्री डॅनी ग्रीनच्या हातून सुटला आणि बॉशनं तो अडवला. हा ग्रीन म्हणजे पहिल्या पाच सामन्यांत २५ थ्री टाकून फायनलचा विक्रम मोडणारा. आधीचा विक्रम २२चा होता, आणि कुणाचा माहितीये? रे ॲलनचा.

खरं तर दोन दिवसांनी सातवा सामनाही होता, हे प्रश्न विचारणारे विसरतात. तो आपण ८८-९५ असा हरलो आणि त्यातही अगदी शेवटपर्यंत संधी होती. ८८-९० असताना, मिनिटभरापेक्षा कमी वेळ उरलेला, डंकनसमोर हीटचा, त्याच्यापेक्षा बुटका बॅटिए. रिंगच्या अगदी जवळून टाकलेला शॉट चुकला, परत आलेला बॉल त्यानं बोटांनी टिप केला, तोही चुकला. माघारी पळत येऊन त्यानं दोन्ही तळवे फरशीवर आपटले. डंकनला असं काही करताना फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. लगेच लेब्रॉननं समोरून जम्पर टाकला आणि विषय संपला.

नव्या हंगामाच्या सरावात पॉपोविचनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून या शेवटच्या दोन सामन्यांची फिल्म दाखवली. २०१४च्या फायनलला पुन्हा हीटच समोर आले आणि स्पर्स ४-१ नं जिंकले, चारही विजय १५ किंवा त्याहून जास्त गुणांनी. हरले तो एकटा दुसरा सामना, ९६-९८. त्याच्या चौथ्या क्वार्टरमध्ये पार्करनं दोन आणि लगोलग डंकननं दोन, असे सलग चार फ्री थ्रो घालवले होते.