चौथ्या मजल्यापासून वर

संक्रांत होऊन दोनच दिवस झाले होते. राजारामपुरीतल्या त्या इमारतीच्या वॉचमनमामांनी आधी हातावर तिळगूळ ठेवला आणि मग नेहमीप्रमाणे पंपरूमची किल्ली पुढं केली. मी म्हटलं, "मामा, आज आधी गच्चीची द्या."

इमारत तळमजला धरून सहा मजल्यांची. खाली बँक, त्यावर दोन मजले ऑफिसं, तिसऱ्या-चौथ्यावर दवाखाना आणि पाचव्यावर अकरावी-बारावीचा क्लास. मी फायर सेफ्टीचं काम करणाऱ्या एका परवानाधारक एजन्सीत इंजिनिअर आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक एजन्सीकडून घेऊन मालकानं दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचा असतो. त्याला आम्ही फॉर्म बी म्हणतो. हे दोन महिने आमची सुगी. दिवसाला तीन-तीन, चार-चार इमारती होतात आणि माणूस खालूनच परत फिरायला लागतो.

मीही खालूनच फिरले होते. जुलै २०२४ मध्ये याच इमारतीच्या फॉर्मवर माझी सही होती.

त्यानंतर ८ ऑगस्टची रात्र आली. केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं आणि अर्धं कोल्हापूर खासबागेकडं धावलं. मीही गर्दीत उभी होते. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ साली उभं राहिलेलं ते थिएटर डोळ्यांदेखत जळत होतं आणि शेजारी उभी असलेली म्हातारी माणसं रडत होती. त्या आगीचं कारण काय, हे सांगायचा मला अधिकार नाही. मी फक्त घरी येऊन जुलैच्या इमारतींची यादी काढली आणि प्रत्येकीपुढं लिहीत गेले, इथं मी स्वतः काय उघडून बघितलं? या इमारतीपुढं लिहिलं: पंप सुरू झाला, तळमजल्याच्या हायड्रंटला (आग विझवायच्या नळाला) पाणी जोरात आलं, गच्चीला कुलूप, किल्ली मालकांकडं, मालक पुण्याला. तरीही सही.

त्याच आठवड्यात परत जायला हवं होतं. साहेब म्हणाले, "जानेवारीत जाणारच आहेस की." मी ऐकलं. पाच महिने ऐकलं.

तर १६ जानेवारीला गच्चीवर गेले. लँडिंग व्हॉल्व्हला, म्हणजे हायड्रंटच्या तोटीला, दाब मोजायचा गेज लावला आणि चाक फिरवलं. काटा शून्यावरून हलला नाही. गेज काढून पूर्ण उघडला. पाणी नाही, हवेचा फुसकारासुद्धा नाही. तोंडातून तांबूस गंजाचा चुरा तेवढा पडला. माझ्या मदतनिसाला फोन करून पंपरूममधला काटा बघायला सांगितला, तर तिथं व्यवस्थित सात किलो दाब! दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब कमी होतो. म्हणजे वीस मीटरवरच्या या गच्चीत पाच किलोच्या आसपास दिसायला हवा होता. पंप चालू असताना सगळ्यात लांबच्या हायड्रंटला निदान साडेतीन मिळाला पाहिजे. इथं पाइपच कोरडा होता.

एकेक मजला उतरत आले. पाचव्यावर कोरडा. चौथ्यावर, दवाखान्याच्या दारात, कोरडा. तिसऱ्यावर व्हॉल्व्ह जेमतेम उघडला तर पाण्यानं बादली हातातून उडवली.

मामा जिन्यात उभे होते. म्हणाले, "त्यो पायप व्हय मॅडम? त्यो वरनं बंदच हाय की. दोन वर्सं झाली. चौथ्यावर गळत हुता, दवाखान्याचं सिलिंग भिजाय लागलं, तवा प्लंबरनं मधी डमी मारली."

मी विचारलं, "मामा, मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कवा?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं. तिसऱ्या मजल्यावर फॉल्स सिलिंगची फळी काढली. पाइपाच्या सांध्यात, दोन फ्लँजच्या मधे, पाणी अडवणारी लोखंडी आंधळी प्लेट, म्हणजे मामांची डमी. वरून व्यवस्थित लाल रंग. अशी प्लेट घातली की खालच्या भागात दाब उलट छान टिकतो. पाइपातला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप शांत, काटा स्थिर, तळमजल्यावर धो धो पाणी. सगळं निरोगी दिसतं. आणि तिच्या वर आयसीयू, आणि त्याच्याही वर एका जिन्यानं ये-जा करणारी चाळीसेक पोरं. सुरतच्या तक्षशिला इमारतीत २४ मे २०१९ ला वरच्या मजल्यावरच्या क्लासमध्ये अडकून २२ जण गेले होते, बहुतेक सगळी शिकणारी पोरं. मी जिन्यात उभी असताना आतून फिजिक्सच्या सरांचा आवाज येत होता.

सोसायटीचं काम बघणारे आण्णा आले. त्यांनी सरळ विचारलं, "मॅडम, सहा महिन्यांमागं तुमीच सही केलीय न्हवं? मग आता काय बदललं?"

"काही नाही बदललं, आण्णा. तेव्हाही पाइप बंदच होता. मी न बघता सही केली."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, "दुसरी एजन्सी निम्म्या पैशांत देती दाखला." धमकी देत नव्हते, बाजारभाव सांगत होते. तो मलाही माहीत होता.

साहेबांचं फोनवर म्हणणं असं की, प्लेट काढ, टेस्ट घे, नवा फॉर्म दे, जुन्याचा विषय कशाला? मी म्हटलं, जुलैचा दाखला चुकीचा होता हे अग्निशमन विभागाला लेखी कळवू या. त्यावर त्यांनी फोन ठेवला.

त्यांची अडचण मला कळते. ही यंत्रणा आमच्या एजन्सीनंच बसवलेली, वर्षाचं देखभालीचं कंत्राट आमचं, आणि ती ठणठणीत आहे असं लिहून देणारेही आम्हीच. परवाना एजन्सीच्या नावाचा. त्या दिवशी जिना कोण चढलं, त्याला काय येतं, त्यानं काय उघडलं, हे त्या कागदावर कुठंच उमटत नाही. लंडनचा ग्रेनफेल टॉवर हा राहत्या घरांचा मनोरा १४ जून २०१७ ला जळाला, ७२ माणसं गेली. त्यानंतर इमारतींच्या सुरक्षा नियमांचा आढावा घेणाऱ्या ज्युडिथ हॅकिट यांच्या, पुढच्या वर्षी आलेल्या अहवालात हे काम करणाऱ्या माणसांच्या कुवतीवरच बोट ठेवलं होतं. तिकडं आगीच्या धोक्याची पाहणी करणाऱ्या कंपन्या स्वतःला त्रयस्थ संस्थेकडून तपासून प्रमाणित करून घेऊ शकतात. माझा जुलैचा फॉर्म अशा कुणा बाहेरच्या माणसानं हातात घेतला असता, तर त्यानं पहिल्यांदा हेच विचारलं असतं: गच्चीवरच्या दाबाचा आकडा कुठाय? आणि माझ्याकडं तो नव्हता. आमच्या ऑफिसात मात्र मला ते कुणी विचारलंच नाही, कारण विचारणारा आणि बिल करणारा एकच होता.

पत्र मी लिहिलं. चौथ्या दिवशी साहेबांनी ते लेटरहेडवर घेऊन सही केली आणि माझ्याकडं न बघता टेबलावर सरकवलं. मी स्वतः जाऊन ते आवक नोंदवून आले. तेवढं त्यांनी केलं, हेही इथं लिहिलंच पाहिजे.

पाइप दुरुस्त व्हायला नऊ दिवस लागले. चौथ्यावरचा गळका व्हॉल्व्ह बदलला, प्लेट काढली आणि आधी पूर्ण रायझर, म्हणजे वर जाणारा उभा पाइप, धुऊन घेतला, कारण दोन वर्षांचा गंज नोझलमध्ये अडकला असता. तोपर्यंत वरच्या दोन मजल्यांवर आग विझवायचे जादा सिलिंडर ठेवायला लावले. टेस्टच्या दिवशी गच्चीत व्हॉल्व्ह मामांना उघडायला दिला. गेजवर पाच. मग होज जोडून पाणी सोडलं, तर क्लासची पोरं खिडक्यांतून ओरडायला लागली.

आण्णांनी फॉर्म पुढं केला. पंप, रायझर, होज, सिलिंडर, सगळ्यांपुढं मी मोजलेले आकडे लिहिले आणि सही केली. एका ओळीपाशी थांबले. दवाखान्याच्या दोन फायर डोअरवर, म्हणजे आग अडवून धरणाऱ्या दारांवर, 'दोन तास' असं स्टिकर होतं. टेस्टचा कागद कुणाकडंच नव्हता, बनवणाऱ्याचं नाव पुसलेलं.

"दार बघून कळत न्हाई व्हय तुमास्नी?" आण्णांनी विचारलं.

"दार आपोआप लावणारा क्लोजर काढलाय, खाली फट आहे, एवढं मला कळतं आणि तेवढं मी लिहिलंय. पण ते दोन तास टिकेल का, हे बघून कुणालाच कळत नाही. तसलंच दार भट्टीत लावून टेस्ट करावं लागतं, आयएस ३६१४ या भारतीय मानकाप्रमाणे. त्याचा दाखला मिळेपर्यंत मी इथं सही करणार नाही."

क्लोजर त्याच संध्याकाळी लागले. दारांच्या कागदांसाठी आण्णांनी जुन्या ठेकेदाराला तीन वेळा फोन केलाय. ती ओळ अजून कोरी आहे.