एक सीट कमी आहे

परवा दुपारी, उन्हानं डांबर मऊ झालेलं असताना, कोल्हापुरात रंकाळा स्टँडच्या जरा पुढं कळे गावाला जाणाऱ्या वडापमध्ये, म्हणजे माणसं भरली की सुटणाऱ्या खाजगी जीपमध्ये, चढलो तर खिडकीला टेकून एक तरणा पोरगा आधीच पेंगत बसलेला. म्हटलं चला, सुरुवात तरी झालीय. मग एकेक करत माणसं आली, एक बाई दोन पोरं आणि पंख्याचं खोकं घेऊन आली, एक मास्तर आले, खताचं पोतं टपावर गेलं, ड्रायव्हर बाहेर उभा राहून "कळे कळे कळे, एकच सीट, एकच" ओरडत होता आणि ती शेवटची सीट एकदाची चढली तसा हा पोरगा डोळे चोळत उठला, खाली उतरला, ड्रायव्हरकडनं दहाची नोट घेतली आणि मागं लागलेल्या रिकाम्या जीपमध्ये जाऊन तसाच खिडकीला टेकून पेंगायला लागला.

राग यायला पाहिजे होता, पण मला कौतुकच वाटलं. पेंगण्याचे पैसे मिळणारं काम आपल्याला कुणी सांगितलंच नाही कधी. आणि ड्रायव्हरचं तरी काय चुकलं, रिकाम्या जीपमध्ये कोण बसतंय? बाहेर पाच माणसं उभी असतात, पाचीजणांना कळ्यालाच जायचंय, पण पहिला कोण बसणार? पहिला बसला तो अडकला. उन्हात भट्टी झालेल्या पत्र्याच्या डब्यात बाकीचे येईपर्यंत घाम पुसत बसायचं, आणि उतरून जायची पण लाज वाटते कारण ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी येऊन "आता हलतीया बघा काका" म्हणून जातो.

त्यामुळं माझी एक पद्धत आहे. मी समोरच्या टपरीवर चहा घेत उभा राहतो, पेपर असला तर पेपर, आणि लांबनं नुसती डोकी मोजतो. गाडीत फक्त एक जागा उरलीय असं वाटलं की चहाचा शेवटचा घोट, पैसे, आणि आरामात चालत जाऊन शेवटची सीट व्हायचं. लग्नात नवरदेवाचं होत नाही तेवढं स्वागत होतं त्या वेळी. आतली सगळी माणसं आपल्याकडं प्रेमानं बघतात, सरकतात, पिशव्या मांडीवर घेतात, एखादी म्हातारी तर "आलं बाई एकदाचं" म्हणते. अनोळखी माणसांना आपल्या नुसत्या येण्यानं एवढा आनंद दुसरीकडं कुठं होतो सांगा. ऑफिसात तर नक्की नाही.

आता शेवटच्याला जागा मात्र पुढचीच मिळते, म्हणजे ड्रायव्हर स्वतः अर्धा दाराबाहेर, त्याच्या डाव्या अंगाला आपण आणि आपल्या गुडघ्याला गिअरचा दांडा. पहिला, तिसरा ठीक, दुसरा टाकायचा असला की "जरा पाय" असं म्हणून तो आपला गुडघा पण बाजूला टाकतो. फुलेवाडीपासनं बालिंग्याच्या पुलापर्यंत ट्रॅफिक असेल तर दुसराच चालू असतो. ऊसाचा सीझन असला की विचारूच नका, कुडित्र्याच्या कारखान्याला जाणारे ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या मागं आम्ही, गुडघा आणि दुसरा गिअर.

आणि ते पोलिसांचं. लांबनं खाकी दिसली की ड्रायव्हर काही न बोलता गाडी बाजूला घेतो आणि तीनजण काही न बोलता उतरतात. कुठले तिघं हे कुणी ठरवत नाही, पण बरोबर तिघंच उतरतात. ते रस्त्याच्या कडेनं शेतकऱ्यासारखे चालत पुढं येतात, जीप कागदावरच्या नियमाइतक्या माणसांची होऊन रुबाबात जाते आणि पुढच्या वळणावर थांबते. पोलिसाला हे माहीत नसतं असं कुणीच समजत नाही, पोलीस पण समजत नसेल.

आमच्याकडं हे वडाप, मराठवाड्यात-विदर्भात काळीपिवळी, कुठं टमटम, नावं काही असोत, मांडी सगळीकडं सारखीच अवघडते. मुंबईत चर्चगेटला मात्र मी शेअर टॅक्सी बघितलीय, नरिमन पॉइंटला जाणारी, माणसं गुपचूप लाइनीत उभी, ठरलेलं भाडं, चारजण बसले की दार बंद आणि चालली. मावसभाऊ म्हणाला काय बघतोयस एवढं. मी म्हटलं पाचवा कुठं बसतो ते बघतोय.

पण मला खरं सांगायचं होतं ते मुक्कामी गाडीचं.

आमच्या गावाला मुक्कामाची एसटी होती. रात्री आठ-साडेआठला ओढ्याच्या पलीकडच्या चढावर तिचे दिवे दिसायचे, ते दिसले की आई भाताला आधण ठेवायची, घड्याळ बघायची गरजच नव्हती. गाडी देवळापुढं लागायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या ओवरीत झोपायचे, थंडीत गाडीतच, मागच्या लांब सीटवर घोंगडं पांघरून. जेवण कुणाच्या ना कुणाच्या घरातनं जायचं आणि यात्रेच्या आसपास आलेल्या कंडक्टरची तर चंगळ असायची, मटणाच्या रश्श्यानं त्याच्या तिकिटांच्या पेटीला वास लागायचा. आम्हा पोरांचं एकच काम, गाडी उभी राहिली की आत घुसायचं. अंधारात त्या हिरव्या रेक्झिनच्या सीटा, डिझेलचा आणि कुणीतरी नेलेल्या मेथीचा वास, आणि छताखालनं गेलेली ती दोरी. दोरी ओढायला बंदी होती. तरी कुणीतरी ओढायचंच, टण्ण, आणि ओवरीतनं आवाज यायचा, "कोन हाय रं त्यो?" दोनदा ओढली तर गाडी खरंच चालू होईल अशी भीती मला बराच मोठा होईपर्यंत होती.

सकाळी सहाला ती सुटायची. त्या आधी पंधरा मिनिटं ड्रायव्हर नुसतं इंजिन घुर्र घुर्र करत ठेवायचा, गाव त्यावर उठायचं. दुधाचे कॅन चढायचे, भाजीच्या पाट्या टपावर, आणि डबे. धाकटा काका कोल्हापुरात कॉलेजला होता, खोली करून राहायचा, त्याचा डबा त्या गाडीनं जायचा. त्याचाच नाही, गावातल्या सात-आठ पोरांचे. प्रत्येक डब्याचं फडकं वेगळं, आमचं आजीच्या जुन्या लुगड्याचं, विटकरी रंगाचं, काठ असलेलं. कंडक्टर ते सगळे ड्रायव्हरच्या मागं बॉनेटजवळ लावून ठेवायचा आणि स्टँडवर पोरं उभीच असायची, फडकं बघून आपापला डबा उचलायची. नाव-बिव काही नाही, पावती नाही. संध्याकाळच्या गाडीला रिकामा डबा परत, आणि त्यात कधीकधी चिठ्ठी. "मंगळवारी पैसे पाठवा", किंवा नुसतंच "वांगं नको". आजीला वाचता यायचं नाही, ती मला वाचायला लावायची आणि "वांगं नको" वाचलं की दुसऱ्या दिवशी हमखास वांगंच.

आता वडापनं डबा जातो, नाही असं नाही. पण वडापला वेळ नाही ना. सहाला निघेल, सव्वासातला निघेल, नाहीच भरली तर निघणारच नाही. भाजी आंबते.

एसटीचं आणि वडापचं सगळं भांडण मला वाटतं एवढंच आहे. एसटी घड्याळावर सुटायची, वडाप माणसांवर सुटते. १ जून १९४८ ला पुणे-नगर अशी पहिली गाडी सुटली तेव्हापासनं "गाव तिथे एसटी" म्हणत ती आत आत शिरत गेली, रस्ता संपतो तिथपर्यंत. दुपारच्या गाडीला आमच्या गावात कधीकधी एकच म्हातारा चढायचा, पण ती त्या एकट्याला घेऊन, एवढं पन्नास माणसांचं धूड हलवत, कोल्हापूरला जायची. आता तोटा झाला म्हणतात. झाला असेलच, तो म्हातारा काय तोटा भरून देणार होता? पण गाडी एकट्यासाठी पण सुटते हे त्याला माहीत होतं म्हणून तो घरातनं निघायचा.

आमची मुक्कामी नक्की कधी बंद झाली हे गावात कुणालाच नीट सांगता येत नाही. कोविडमध्ये २०२० ला सगळंच थांबलं होतं, मग थोडं सुरू झालं, तेवढ्यात २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. संपकऱ्यांच्या मागण्या, त्यांचे पगार, त्या काळात झालेल्या आत्महत्या, त्याच्यावर वडापच्या मांडीवर बसून बोलायचा मला अधिकार नाही. पण एक गंमत तेव्हा झाली. एरवी स्टँडच्या २०० मीटरच्या आत खाजगी गाडीनं माणसं भरायची नाहीत असा नियम, आणि त्या नोव्हेंबरमध्ये सरकारनंच परवानगी काढली की खाजगी बस, स्कूल बस, मालवाहू गाड्यांनी सुद्धा माणसं न्यावीत. खाजगी गाड्या थेट स्टँडच्या आत लागल्या. एरवी कंडक्टर बघून पळणारे आमचे ड्रायव्हर कॉलर ताठ करून हिंडत होते तेव्हा. संप मिटला, मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या आल्या, आतल्या गावांच्या काही आल्या काही नाहीच आल्या. कोविडच्या आधी महामंडळाच्या अठरा हजारांच्या आसपास गाड्या होत्या, नंतर पंधरा-सोळा हजारांवर आल्या, मग कुठली तरी कमी होणारच की.

आणि नेमकं ह्याच वेळेला तिकिटं स्वस्त झाली! ऑगस्ट २०२२ पासनं पंचाहत्तरच्या पुढच्यांना एसटी फुकट. मार्च २०२३ पासनं बायकांना निम्मं तिकीट. आमच्या आत्तीला त्याच सुमाराला पंचाहत्तरावं सरलं. तिनं आधारकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी रुमालात आणि रुमाल कमरेला असा बंदोबस्त केला. "सगळ्या महाराष्ट्रात फुकाट हाय मला आता," हे ती आल्यागेल्याला सांगायची. मग एक दिवस शांतपणे म्हणाली, "पंढरपूरला फुकाट, तुळजापूरला फुकाट, आन् कळ्याला दवाखान्यात जायचं म्हटलं की वडापला तीस रुपये." ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती, तिला हसू येत होतं.

वडापवाल्याला शिव्या घालायला पण तोंड नाही बरं का. तो पोरगा आत्तीला दारातनं घेतो, हात धरून चढवतो, पुढची सीट देतो, दवाखान्यात नंबर उशिरा लागला तर एक खेप पुढं-मागं करून तिच्यासाठी थांबतो. आणि कधी पैसे घेतो कधी घेत नाही. गाडी हप्त्याची आहे त्याची. मागं लिहिलंय "आईचा आशीर्वाद", खाली फायनान्स कंपनीचा स्टिकर.

फक्त संध्याकाळी सातनंतर तो पण नसतो. कळ्याच्या फाट्यावर चार-पाचच माणसं उरली की कुठलाच ड्रायव्हर आत यायला तयार होत नाही, तेवढ्यात डिझेल पण निघत नाही म्हणतो, आणि हिशोब त्याचा बरोबर असतो. पुरुष काय, कुणाच्या तरी मोटरसायकलला हात करतात. शेजारच्या घरातली पोरगी बारावीला सायन्सला होती, प्रॅक्टिकल संपायला उशीर व्हायचा. सुरुवातीला वडील रोज फाट्यावर आणायला जायचे. मग ऊसतोड सुरू झाली, त्यांना जमेना. मग तिनं सायन्स सोडून आर्ट्सला नाव घातलं, सकाळचं कॉलेज, बाराला सुटतं. तिच्याकडं एसटीचा पास होता. आहे अजून, बहुतेक.

गाडी परत सुरू करा म्हणून गावानं एसटीच्या साहेबांना निवेदन दिलंय. सरपंच, दोन-तीन कार्यकर्ते, हार घातलेला एक जण कशाला ते माहीत नाही, पेपरात फोटो पण आला. साहेबांनी चांगलं ऐकून घेतलं म्हणे, चहा दिला, आणि सांगितलं की त्या मार्गावर प्रवासी किती आहेत त्याचा सर्व्हे करू आणि मग गाडीचं बघू. म्हणजे आता कुणीतरी येऊन, गाडीच नसलेल्या थांब्यावर उभं राहून माणसं मोजणार. गावात चर्चा चाललीय की त्या दिवशी सगळ्यांनी थांब्यावर जाऊन उभं राहायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट. वडापवाला म्हणाला, लागली तर माझ्याकडची दोन-चार पोरं देतो, बसायची सवय हाय त्यास्नी.